भार कोणावर, झळ कोणाला?

इंग्रजी उताऱ्याचे मराठी भाषांतर करताना विद्यार्थी ज्या शब्दांपाशी हमखास अडखळतो, ते शब्द बहुधा लांबलचक नसतात. ‘बर्डन’, ‘ब्रंट’, ‘ओनस’, ‘गिस्ट’, ‘क्रक्स’ हे छोटे शब्दच पाहा. शब्दकोशात यांच्यापुढे भार, बोजा, सार, मर्म असे चारदोन प्रतिशब्द दिलेले असतात. त्यांतील हाताला येईल तो उचलून आपण पुढे जातो. परंतु एखाद्या गोष्टीचे वजन कोठे आहे आणि ते कोणाला पेलावे लागते, हे सांगणारे हे शब्द आहेत. तेथे गफलत झाली की वाक्याचा अर्थच दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसतो.

प्रथम ‘बर्डन’ घेऊ. वाहणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूपासून हा शब्द झाला, आणि तो धातू व संस्कृतातील ‘भृ’ हा धातू एकाच मूळ कुळातले आहेत. म्हणजे आपला ‘भार’ आणि त्यांचा ‘बर्डन’ ही दूरची भावंडेच होत. आपल्या नाकाडोंगरीच्या परिसरात तर हा शब्द पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीजची उघडी खाण आहे. खनिजावर जो माती-दगडांचा थर असतो, त्याला खाणकामात ‘ओव्हरबर्डन’ किंवा नुसते ‘ओबी’ म्हणतात. एक टन खनिजासाठी किती ओबी काढावी लागते, यावर उघड्या खाणीचे अर्थकारण बरेचसे अवलंबून असते. सुरुंगाच्या कामातही ‘बर्डन’ आहेच. सुरुंगाच्या छिद्रापासून खडकाच्या जवळच्या मोकळ्या तोंडापर्यंतचे अंतर ते ‘बर्डन’. ते प्रमाणाबाहेर ठेवले तर खडक नीट फुटत नाही आणि जमिनीला हादरे जास्त बसतात. फार कमी ठेवले तर दगड लांबवर उडतात. छिद्रातल्या दारूने जेवढा खडक ढकलायचा, तेवढा तिचा भार, असा हा सरळ हिशेब आहे.

इंग्रजीत याच रूपाचा दुसराही एक ‘बर्डन’ आहे. त्याचे गोत्र निराळे. फ्रेंच भाषेत ‘बूर्दों’ म्हणजे वाद्याचा सतत घुमणारा खर्जाचा सूर. त्यावरून गाण्यात पुनःपुन्हा येणाऱ्या ओळीला इंग्रजीत ‘बर्डन’ म्हणू लागले, आणि पुढे भाषणाच्या मुख्य प्रतिपाद्यालाही. ‘द बर्डन ऑफ हिज स्पीच’ याचे भाषांतर ‘त्याच्या भाषणाचे ओझे’ असे करणे हास्यास्पद होईल, मग ते भाषण कितीही कंटाळवाणे असो! भजनी मंडळाला ध्रुपद ठाऊक असते आणि घरोघरी ‘तेच तेच पालुपद’ ऐकू येते. या ‘बर्डन’च्या सर्वांत जवळ जाणारे शब्द तेच.

‘ब्रंट’चे मूळ निश्चित झालेले नाही, परंतु चौदाव्या शतकात त्याचा अर्थ आघात, हल्ला असा होता. पुढे हल्ल्याचा मुख्य जोर जो अंगावर घेतो, त्याच्याविषयी तो वापरात आला. मराठीत आपण ‘झळ’ म्हणतो. वैदर्भीय माणसाला उन्हाच्या झळा काय असतात हे सांगायला नको. मात्र येथे एक सूक्ष्म भेद आहे. झळ थोडीही लागते, दुरूनही लागते. ‘ब्रंट’मध्ये मात्र सर्वांत मोठा वाटा अभिप्रेत असतो. म्हणून नुसते ‘झळ बसली’ न लिहिता ‘सर्वांत जास्त झळ बसली’ किंवा ‘मुख्य तडाखा सोसला’ असे लिहिले पाहिजे.

‘ओनस’ हा लॅटिन शब्द. अर्थ पुन्हा भारच. पण तो कर्तव्याचा. न्यायालयात त्याला विशेष महत्त्व आहे. जो एखादी गोष्ट खरी असल्याचे सांगून निकाल मागतो, त्याने ती शाबीत करावी, हे तत्त्व १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही (कलम १०४) ते कायम आहे. ए. राघवम्मा विरुद्ध ए. चेंचम्मा या १९६३ साली निकालात निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘बर्डन’ आणि ‘ओनस’ यांत फरक दाखविला: शाबितीचा मूळ भार ज्याच्यावर असतो त्याच्यावरच राहतो, तो हलत नाही, ‘ओनस’ मात्र पुराव्याचे मोल ठरत जाते तसा या पक्षाकडून त्या पक्षाकडे सरकतो. एकाला ‘शाबितीचा भार’ आणि दुसऱ्याला ‘उत्तर देण्याची पाळी’ म्हटले, तर हा भेद सामान्य माणसालाही कळेल.

राहिले ‘गिस्ट’ आणि ‘क्रक्स’. दावा ज्या पायावर उभा आहे तो पाया, अशा अर्थाने जुन्या कायदेशीर फ्रेंचमधून ‘गिस्ट’ आला आणि पुढे सारांश झाला. मराठीतील ‘मथितार्थ’ ताकातून लोणी काढावे तसा घुसळून निघतो. ‘क्रक्स’ म्हणजे लॅटिनमध्ये क्रूस. त्यावरून कठीण कोडे आणि मग निर्णायक मुद्दा. येथे सारांश चालणार नाही. आपली ‘ग्यानबाची मेख’च हवी.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. एक वाक्य कल्पनेने घेऊ. अवकाळी पावसाने धान गेले. याची सर्वांत जास्त झळ लहान शेतकऱ्याला बसली, कर्जाचा बोजा त्याच्या सातबाऱ्याच्या ‘इतर हक्का’त तसाच राहिला, आणि नुकसान झाले हे शाबीत करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आली. इंग्रजीत येथे अनुक्रमे ‘ब्रंट’, ‘बर्डन’ आणि ‘ओनस’ येतील. तिन्ही ठिकाणी ‘भार’ लिहिला, तर वाचकाला शेतकरी दुःखी आहे एवढेच समजेल. पहिली गोष्ट आभाळाने केली, दुसरी कर्जव्यवहाराने आणि तिसरी नियमाने, हे त्याला उमगणार नाही. आभाळाशी भांडता येत नाही. बोजा फेडता येतो वा माफ होऊ शकतो आणि नियम बदलता येतो. कोठे दाद मागायची हे कळण्यासाठी आधी शब्द वेगळे करावे लागतात. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक, वकील, ग्रामसेवक किंवा वार्ताहर होतील. त्यांच्या लेखणीतून उतरणारा प्रत्येक ‘भार’ योग्य खांद्यावरच पडावा, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.