पाटी पाहून भागत नाही

महाराष्ट्रात २०१२ साली जीवनदायी या नावाने सुरू झालेली व आज महात्मा फुले यांचे नाव धारण करणारी जनआरोग्य योजना, आणि २०१८ ची केंद्राची आयुष्मान भारत योजना, यांच्या आश्रयाने कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य होतात खरे. परंतु रुग्णालयास मान्यता विभागवार मिळत असल्यामुळे, दारावर योजनेची पाटी आहे म्हणून तेथे डोळ्यांची शस्त्रक्रियाही योजनेतून होईलच, असे गृहीत धरणे युक्त नव्हे. अस्थिरोगांसाठी मान्यता पावलेले रुग्णालय नेत्ररुग्णास सर्वस्वी निरुपयोगी ठरू शकते! यास्तव योजनांच्या १५५३८८ किंवा १४५५५ या क्रमांकावर, नेत्रविभाग मान्य आहे काय आणि डॉक्टरांनी सुचविलेली नेमकी शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहे काय, हे दोन्ही प्रश्न विचारावेत. मग शिधापत्रिका व ओळखीचा दाखला घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे, मंजुरीची खातरजमा करावी. नुसती डोळ्यांची तपासणी व चष्मा या योजनांत बसत नाहीत. मोतीबिंदूच्या रुग्णाने मात्र आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. १९७६ पासूनच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तेथे विनामूल्य होते.