समलिंगी विवाह, धर्मश्रद्धा व शासन

एकाच लिंगाच्या दोन व्यक्तींमधील, राज्याच्या कायद्याने मान्य केलेला विवाह म्हणजे समलिंगी विवाह. धर्मदृष्ट्या विवाह हा बहुधा संस्कार मानला जातो. राज्याच्या दृष्टीने मात्र तो वारसा, पोटगी, निवृत्तिवेतन इत्यादींविषयीचे हक्क व कर्तव्ये निर्माण करणारा विधिसंबंध होय. ही दोन अंगे कितपत अलग आहेत, यावर या वादाचे स्वरूप अवलंबून असते.

असा विवाह प्रथम नेदर्लंड्समध्ये १ एप्रिल २००१ पासून वैध ठरला. तेथे कायदेशीर विवाह नोंदणी अधिकाऱ्यापुढेच होतो. धार्मिक विधी त्यानंतर व ऐच्छिक असतो. त्यामुळे धर्मसिद्धांतास कायद्याचा स्पर्श झाला नाही. जेथे धर्मगुरूने लावलेला विवाहही कायदेशीर ठरतो आणि चर्च राज्याशी निगडित असते, तेथे हा प्रश्न अधिक जटिल होतो. डेन्मार्कच्या २०१२ च्या कायद्याने राष्ट्रीय चर्चमध्ये असे विवाह लावण्याची तरतूद केली. मात्र एखाद्या धर्मगुरूस नकार देण्याची मुभा ठेवली. इंग्लंडमध्ये पॅरिशमधील रहिवाशांचे विवाह लावणे हे प्रस्थापित चर्चच्या धर्मगुरूंचे कायदेशीर कर्तव्य असल्याने, २०१३ च्या कायद्याने त्या चर्चला समलिंगी विवाहापुरते वगळले. क्वेकरांसारख्या इच्छुक पंथांना मात्र असे विवाह लावण्याची वाट मोकळी ठेवली.

धर्मगुरूंना सूट देण्याबाबत फारसा मतभेद नाही. खरा पेच शासकीय सेवकाबाबत उद्‌भवतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१५ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी हा विवाह संविधानसंरक्षित हक्क ठरविला. त्यानंतर केंटकी राज्यातील एका काउंटी लिपिकेने श्रद्धेच्या कारणावरून विवाह-परवाने देणे थांबविले व न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला काही दिवस कारावास भोगावा लागला. पुढे २०१६ मध्ये राज्याने परवान्यावरील लिपिकाच्या नावाची अटच काढून टाकली. नागरिकाचा हक्क कार्यालयाकडे असतो, विशिष्ट व्यक्तीच्या सहीकडे नव्हे, हे तत्त्व यातून स्पष्ट होते.

भारतात विवाहाचे नियमन मुख्यतः धर्मनिहाय व्यक्तिगत कायद्यांनी होते. १९५४ चा विशेष विवाह कायदा मात्र धर्मनिरपेक्ष नोंदणी विवाहाची सोय करतो. त्याचा लाभ समलिंगी जोडप्यांना मिळावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी अमान्य केली आणि हा विषय विधिमंडळाच्या कक्षेतील असल्याचे सांगितले. श्रद्धेस संरक्षण व नागरिकास समान विधिसंबंध, या दोहोंची सांगड घालण्याचे काम त्यामुळे येथे कायदेमंडळाकडेच राहिले आहे.