विहिरीतला पोहणारा आणि मालवणचा समुद्र

नेकनूरपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे तीनशे किलोमीटर दूर. बालाघाटाच्या पठारावरच्या या गावात पाणी म्हणजे विहीर, बोअर, पावसाने साथ दिली तर तलाव आणि सहलीपुरता मांजरसुंब्याजवळचा कपिलधारचा धबधबा. त्यामुळे दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘दोन दिवस मालवणला जाऊन येऊ’ असे ठरले की घरातल्या निम्म्या माणसांसाठी तो आयुष्यातला पहिला समुद्र असतो. बेत मात्र गाडी, खोली आणि खर्च एवढ्याच तीन गोष्टींभोवती फिरतो. समुद्राचे वेळापत्रक कोणी विचारत नाही.

मोबाइलवर दिसणारा समुद्र बहुतेकदा दुसऱ्याच जातीचा असतो. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाची पांढरी घरे आणि खाली पसरलेले निळे पाणी सगळ्यांनी पाहिलेले आहे. तो एजियन समुद्र, भूमध्य समुद्राचाच एक भाग. चारही बाजूंनी जवळपास बंदिस्त असल्यामुळे तिथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम काही सेंटिमीटरांचा असतो. सकाळी टॉवेल टाकलेली जागा संध्याकाळीही कोरडीच सापडते. अरबी समुद्राचे तसे नाही. मालवणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते, आणि सकाळी मुले जिथे वाळूचा किल्ला करत होती तिथे दुपारी गळ्याएवढे पाणी असू शकते. बेट, किल्ला, निळे पाणी हे सगळे मालवणातही आहे, सिंधुदुर्गाच्या रूपाने; फक्त ते घड्याळ बघून पाहायचे असते.

आणि हे घड्याळ नेकनूरच्या घराघरात भिंतीवर टांगलेले आहे. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा : पंचांगातल्या तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला पाऊणने गुणायचे, की भरतीची वेळ मिळते. एकादशीला अकरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाआठ. सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती, दुपारी अडीचच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊणचा गुणाकार यातूनच आला. उत्तर तासभर इकडेतिकडे होते, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात किंवा होडीवाल्याला विचारून कळते. पण बेत ठरवायला एवढे पुरे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते, तेव्हाच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढते-उतरते, तो भांग. ज्यांच्यासोबत लहान मुले आणि म्हातारी माणसे आहेत त्यांनी भांगाचे दिवस निवडावेत. एकादशी सांभाळणाऱ्या गावाला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही.

आता मुख्य धोका. मराठवाड्यातला पोरगा पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतो. काठावरून सूर मारतो, तळ गाठून येतो, चार फेऱ्या मारून पायरीवर बसतो. त्याला पाण्याची भीती नसते, आणि नेमका तोच समुद्रात सगळ्यात पुढे जातो. विहिरीचे पाणी स्थिर असते, हात टाकला की पायरी लागते. समुद्राचे पाणी मात्र सतत कुठेतरी निघालेले असते.

लाटा किनाऱ्यावर पाणी ढकलत राहतात आणि साठलेले पाणी परत जायला वाट शोधते. वाळूच्या पाण्याखालच्या बांधात कुठे खिंड असली की ते सगळे तिथून जोराने आत वाहते. याला रिप करंट म्हणतात. पट्टा अरुंद असतो, पण त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. हा वेग ऑलिंपिकमधल्या पोहणाऱ्यालाही जड जातो. फसवणूक अशी की खिंडीत पाणी खोल असल्यामुळे तिथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना फेस उसळत असतो आणि मधला पट्टा शांत, गडद दिसतो. समुद्र पहिल्यांदा बघणारे कुटुंब मुलांना घेऊन याच ‘शांत’ जागी उतरते.

या प्रवाहात सापडलेला माणूस त्याच्या जोरामुळे बुडण्याआधी दमून बुडतो. किनारा समोर दिसत असतो, तो सरळ तिकडे हात मारत राहतो आणि जागच्या जागी संपतो. करायचे असते ते उलट. प्रवाह खाली ओढत नाही, फक्त आत नेतो, आणि लाटा फुटतात त्या रेषेच्या पलीकडे बहुधा त्याचा जोर ओसरतो. म्हणून आधी पाठीवर पडून तरंगायचे. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जवळपास अडीच टक्के जड असल्याने विहिरीपेक्षा इथे तरंगणे सोपे जाते. मग किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचे आणि लाटा फुटत असतील तिथून परत यायचे. दम नसेल तर नुसते तरंगत हात वर करून मदत मागायची.

१५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गटातले आठ जण बुडाले. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०१६ ला, मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या महाविद्यालयातील चौदा विद्यार्थी गेले. दोन्ही गट घाटावरचे होते. अशा वेळी एक बुडतो, त्याला काढायला दुसरा जातो, मग तिसरा. बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर येते तो क्षणभर श्वास घेण्यातच जातो. तो गप्प असतो, उभा असतो, हाताने पाणी खाली दाबत असतो. वाचवायला उडी घेणाऱ्याला तो मिठी मारतो. म्हणून वस्तू फेकायची, माणूस नाही. बुच लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन आणि बैलाचा एक लांब कासरा या दोन गोष्टी नेकनूरच्या कुठल्याही घरातून गाडीत टाकता येतात. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नये. तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे ताबडतोब सुरू करावे, दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा.

तारकर्ली-देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथला वाळूचा उंचवटा ‘त्सुनामी आयलंड’ नावाने प्रसिद्ध आहे. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला पाण्याखाली जातो. ओहोटी लागली की खाडीतले सगळे पाणी त्या मुखातून समुद्राकडे धावते. तिथे गुडघ्याएवढ्या पाण्यातही पाय टिकत नाहीत. फोटो काढावेत, पोहू नये.

होडीचा नियम एकच : अंगरख्याचा, म्हणजे लाइफ जॅकेटचा, पट्टा कमरेला बांधलेला असला पाहिजे. नुसते खांद्यावर अडकवलेले जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जाते. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली, पंधरा जीव गेले. दुसऱ्या घटनेत प्रवाशांची काहीच चूक नव्हती, आणि जॅकेट प्रत्येक वेळी का घालायचे याचे उत्तर त्यातच आहे.

मे महिना शक्यतो टाळावा. दक्षिण हिंदी महासागरातल्या दूरच्या वादळांनी उठलेल्या लांब लाटा एप्रिल-मेमध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतात. इथे वारा पडलेला असतानाही समुद्र अचानक चढतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था त्याचे इशारे देते. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या बंदच असतात. सोयाबीन निघाल्यानंतरची दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

मेचे दुसरे कारण शरीराशी आहे. बीडकराला उन्हाचे कौतुक नसते. चाळीस अंश रोजचेच, कोकणात तर तेहतीस. पण घाम येऊन उपयोग नसतो, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. चाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचे तापमान बावीस अंशांपर्यंत उतरते. तेहतीस अंश आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रतेत ते एकोणतीसलाच थांबते. म्हणजे कोरड्या चाळिसात अंग थंड होऊ शकते, दमट तेहतिसात घाम नुसता गळतो आणि आतले पाणी-मीठ जात राहते. चक्कर, पायात गोळे, मळमळ ही त्याची पहिली लक्षणे. साधे ओआरएस सोबत असावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी आणि हृदयरोग्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

रस्ता धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग घाट असा साधारण पाचशे किलोमीटरचा. दोन दिवसांची सुट्टी ‘वाचवायला’ रात्री जेवून निघायची पद्धत आहे. ती सगळ्यात वाईट. मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे पाच या वेळेत शरीराचे घड्याळ झोपेच्या तळाशी असते, आणि सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. पहाटे चारला उठून निघावे, आदल्या रात्री नऊला झोपावे. घाटात गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसून दूरवर बघावे; आतल्या कानाला हलल्याचे कळते आणि मोबाइलमधल्या डोळ्याला कळत नाही, या भांडणातूनच मळमळ होते. होडीतही तेच : नजर क्षितिजावर. उलटीच्या गोळीने झोप येते, म्हणून चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

कशानंतर काय करायचे, यालाही महत्त्व आहे. स्कुबा बहुतेक जण शेवटच्या सकाळी ठेवतात आणि दुपारी घाट चढायला लागतात. पाण्याखाली दाबाने श्वास घेताना रक्तात जादा नायट्रोजन विरघळतो, तो बाहेर पडायला वेळ लागतो. गगनबावड्याचा माथा सहाशे-सातशे मीटरवर आहे. हवेचा दाब कमी झाला की उरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. नवख्यांना पाच-सहा मीटरवरच नेतात, त्यामुळे धोका फार थोडा. तरी एका डुबकीनंतर उंचीवर जाण्यापूर्वी बारा तास थांबण्याचा संकेत जगभर आहे. तेव्हा स्कुबा पहिल्या दिवशी, किल्ला दुसऱ्या. सर्दी असताना, कान वाहत असताना किंवा दमा असताना खाली जाऊ नये.

मासे खाण्याबद्दल थोडेच. बांगडा उन्हात राहिला तर त्यात हिस्टामाइन तयार होते आणि ते तळूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होऊन अंगावर गांधी उठतात. कोळंबी-तिसऱ्या पहिल्यांदाच खाणाऱ्याने थोड्या खाऊन बघाव्यात. इन्सुलिन बंद गाडीत ठेवू नये. पाण्यात पाय घासत चालावे, म्हणजे वाळूत दबलेला पाकट मासा आधीच सरकतो. जेलीफिशने डागले तर गोडे पाणी न लावता समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चोळू नये.

आणि स्टोव्ह-भांडी घरी ठेवावीत. तीन-चार दिवसांच्या सुट्टीनेही मन आणि झोप सुधारते, मोठ्या सुट्टीइतकीच, आणि तो परिणाम घरी आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो, असे अभ्यास सांगतात. तेवढ्यात दोन वेळा दहा माणसांचा स्वयंपाक ज्या बाईने केला, तिच्या वाट्याला यातले काय आले?

सिंधुदुर्गाचे काम १६६४ मध्ये सुरू झाले, तीन वर्षांत संपले. कुरटे बेटावरच्या या अठ्ठेचाळीस एकरांत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चारही बाजूंना खारे पाणी असताना. बेटावर पडलेला पाऊस मुरतो आणि हलका असल्यामुळे खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. सच्छिद्र जमिनीत समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर असते, असा भूजलशास्त्राचा ढोबळ नियम आहे. कठीण खडकात आकडा बदलतो, तत्त्व तेच. उपसा वाढला की खारे पाणी वर चढते आणि विहीर नासते. नेकनूरमध्ये बोअर खोल नेली की कोरडा खडक लागतो, इथे मीठ लागेल. होडीवाले किल्ल्यावर तासाभराचाच वेळ देतात. त्यातली दहा मिनिटे या बावींसाठी ठेवावीत आणि मे महिन्यात पाणी किती खाली जाते ते वाटाड्याला विचारावे.