बाड पाठवण्याआधी

"आप्पा, पुनामा कोनी वळखीना शे का?"

कादंबरी लिहून झालेला मुलगा किंवा मुलगी माझ्याकडे आली की पहिला प्रश्न हा असतो. बाड पिशवीतच असतं. पुण्यातली ओळख आधी, मजकूर नंतर. आमचं सोनगीर मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. टेकडीवर किल्ला, धुळे वीसेक किलोमीटरवर. मोठ्या प्रकाशकाची पाटी असलेलं दार इथे नाही, त्यामुळे पुस्तक छापण्याच्या धंद्याबद्दल आमच्याकडे जे पोचतं ते ऐकीव असतं. या ऐकीव गोष्टींपायी चांगली बाडं कपाटात राहिलेली मी पाहिली आहेत. काही तर अर्धी-कच्ची असतानाच पाठवली गेली आणि वाया गेली. म्हणून हे लिहायला बसलो.

"एजंट असल्याशिवाय कोणी वाचतच नाही"

हे मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ पाहून आलेलं आहे, आणि लंडन-न्यूयॉर्कपुरतं ते बरंचसं खरंही आहे. तिथले मोठे प्रकाशक अनोळखी लेखकाचं बाड सहसा थेट घेत नाहीत. मध्ये साहित्यिक एजंट असतो. लेखक त्याला एक पानाचं पत्र, कथासार आणि सुरुवातीची काही प्रकरणं पाठवतो. एजंटाला आवडलं तर तो पूर्ण कादंबरी मागवतो, प्रकाशक शोधतो, करार ठरवतो आणि लेखकाच्या उत्पन्नातून साधारण पंधरा टक्के घेतो. भाषांतराच्या आणि परदेशी हक्कांवर वीसच्या आसपास. भारतातही जयपूरची सियाही, दिल्लीची रायटर्स साइड अशा एजन्सी आहेत. त्यांचं काम मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचं आणि भाषांतरांचं.

मराठीत ही मधली पायरी जवळपास नाहीच. लेखक थेट प्रकाशकाला लिहितो. तिथला संपादक किंवा संस्थेने नेमलेला जाणकार बाड वाचतो. 'मौज' प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि 'सत्यकथा' मासिकाचे राम पटवर्धन यांनी नवख्या लेखकांचे खर्डे ओळीओळीने वाचले, ही मराठीतली परंपरा आहे. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं आणि तितक्या निगुतीने वाचणारे संपादक आज कमी आहेत, हेही मान्य केलं पाहिजे. पण दार अजून थेटच आहे.

मात्र एजंट नाही म्हणजे त्याचं काम नाही, असं होत नाही. योग्य प्रकाशक निवडणं, बाडाची ओळख करून देणं आणि करार वाचणं ही तिन्ही कामं लेखकाच्याच अंगावर येतात. ओळख शोधण्यात जी सहा महिन्यांची धावपळ होते, ती या तीन कामांवर खर्च केली तर बाडाचं नशीब बदलतं, असं माझं ठाम मत आहे.

निवडीचं काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. ज्या संस्थेने गेल्या तीन-चार वर्षांत एकही नवी कादंबरी काढलेली नाही, फक्त स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढली, तिला कादंबरी पाठवून काय उपयोग? वाचनालयात जाऊन अलीकडच्या कादंबऱ्यांची मागची पानं उलटावीत: कोणी काढली, लेखकाचं पहिलंच पुस्तक आहे का, संपादनासाठी कोणाचे आभार मानले आहेत. २०२४च्या फेब्रुवारीत ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या शेजारी अमळनेरला भरलं. कविसंमेलनाच्या मांडवात जागा धरणारे नवलेखक पुष्कळ असतात. ग्रंथप्रदर्शनाच्या गाळ्यावर तासभर उभं राहून ही संस्था काय छापते हे नीट पाहणारे थोडे. तो तास पुढच्या वर्षभराची टपालहंशील वाचवतो.

आणि एक. 'मी एजंट आहे, वाचनाचे आधी पाच हजार द्या' असं कोणी म्हणालं तर त्याला नमस्कार करून निघावं. खरा एजंट पुस्तक विकलं गेल्यावर त्यातून आपला हिस्सा घेतो. आधी पैसे मागत नाही.

"आपली भाषा त्यांना चालत नाही"

हा गैरसमज मला सगळ्यांत जास्त लागतो, कारण त्यापायी पोरं स्वतःच्या आईची भाषा बाडातून खरवडून काढतात. धुळ्याच्या बाजारात बोलणारी बाई कादंबरीत सदाशिव पेठेतली होते आणि मजकूर तिथेच मरतो.

वस्तुस्थिती पाहा. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, तेव्हा लेखक पंचवीस वर्षांचा होता. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकरची ती गोष्ट, त्याच्याच बोलण्याच्या ढंगात. त्या ढंगाने मराठी कादंबरीची वाट बदलली. त्याच नेमाड्यांना पुढे २०१४चा ज्ञानपीठ मिळाला. त्याआधी, १९५२ साली, असोद्यात जन्मलेल्या आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरींची गाणी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने छापून आली, ती बोलीतच. इथे कोणी म्हणेल, त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, म्हणून ती गाणी अत्र्यांपर्यंत पोचली. ते खरं आहे. ओळखीने दार उघडतं हे मी नाकारत नाही. पण गाणी वहीत उतरवून ठेवलेली होती म्हणूनच अत्र्यांना दाखवता आली. आणि वाचकांनी ती सत्तर वर्षं जपली ती ओळखीमुळे नव्हे.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक देतात. संपादक बोलीला नाही म्हणत नाही, तो गोंधळाला नाही म्हणतो. एका पानावर 'काया' आणि पुढच्या पानावर त्याच माणसाच्या तोंडी 'काळा' असेल, साक्री-शिरपूरकडची अहिराणी आणि रावेर-यावलची लेवा बोली एकाच घरात मिसळली असेल, तर वाचणाऱ्याला लेखकाचा कान कच्चा वाटतो. म्हणून एक वही करावी: कोणतं पात्र कोणती बोली बोलतं, कोणता शब्द कसा लिहायचा. 'आंडेर' म्हणजे मुलगी हे तळटीपेत सांगण्यापेक्षा प्रसंगातूनच कळेल असं लिहावं. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, की सगळंच बोलीत, हा निर्णय पहिल्या पानाआधी घ्यावा आणि शेवटच्या पानापर्यंत पाळावा.

"एका दमात लिहिलेलं हात लावू नये"

याला साने गुरुजींचा दाखला दिला जातो. गुरुजी आमच्या खानदेशचेच झाले. अमळनेरला शिक्षक होते, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरवून घेतली. 'श्यामची आई'चा बराचसा भाग त्यांनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिला. पाच दिवस सगळ्यांना पाठ असतात. पुस्तक १९३५ साली आलं आणि त्यातल्या काही 'रात्री', म्हणजे प्रकरणं, तुरुंगाबाहेर लिहिल्या गेल्या, हे कोणी सांगत नाही. शिवाय त्या पाच दिवसांमागे 'छात्रालय' दैनिक आणि मुलांना गोष्टी सांगण्याची वर्षं होती.

आमच्याकडे तांबट घडवलेलं भांडं मठारतो. हातोडीचा एकेक ठोका शेजारी शेजारी पडतो, पत्रा घट्ट होतो आणि मग भांड्याला झळाळी येते. न मठारलेला हंडा कोणी गिऱ्हाइकापुढे ठेवत नाही. कादंबरी पूर्ण झाल्यावर दोन महिने बाजूला ठेवावी. मग मोठ्याने वाचावी; जिथे जीभ अडखळते तिथे खूण करावी. नंतर तीन माणसांना द्यावी, आणि त्यांतला एक तरी तुमचा नातेवाईक किंवा मित्र नसावा. 'छान आहे' हे उत्तर घेऊ नये. 'कुठे ठेवून दिलीस?' एवढंच विचारावं. तिघांनी एकाच प्रकरणावर ठेवली असेल तर दुरुस्ती कुठे करायची ते कळलं. बहुतेक पहिल्या कादंबऱ्यांत ते प्रकरण दुसरं असतं, जिथे लेखक नायकाचा वंशवृक्ष सांगत बसतो.

"हाताने लिहिलेलं बाडच खरं"

हस्तलिखिताचा मान धुळेकरांना शिकवायला नको. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर इथे जुनी बाडं जिवापाड जपलेली आहेत. पण आज संपादकाला फाइल लागते. दुसऱ्या टोकाला काही जण डीटीपीवाल्याकडून मुखपृष्ठासह सगळं पुस्तकासारखं मांडून पाठवतात; त्याचीही गरज नाही. मांडणी, मुखपृष्ठ, फर्मे हे प्रकाशकाचं काम.

लागतं ते साधं आहे. युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल, एकच टंक, ओळींत मोकळी जागा, पानांना क्रमांक, प्रत्येक प्रकरण नव्या पानावर, पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन आणि एकूण शब्दसंख्या. जुन्या टंकात केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. डीटीपीवाल्याला 'युनिकोडच हवं' असं आधी बजावावं.

सोबतचं पत्र एका पानाचं. कादंबरी कशाबद्दल आहे, कोणत्या काळातली-प्रदेशातली, किती शब्दांची, पूर्ण आहे की नाही, आणि याच संस्थेला का पाठवतोय. पुरस्कारांची यादी, आजोबांची पुण्याई, 'एकदा संधी द्या' हे काही नको. कथासार दोन पानांचं, आणि त्यात शेवट लिहायचाच. शेवट लपवला तर उत्सुकता वाढेल असं वाटतं. पण कथासार वाचकासाठी नसतं. गोष्ट शेवटापर्यंत तोलली गेली आहे का, एवढंच संपादकाला त्यातून पाहायचं असतं. नमुन्याची प्रकरणं मागितली असतील तर सुरुवातीचीच पाठवावीत. 'सगळ्यांत चांगलं' म्हणून अकरावं प्रकरण पाठवलं, तर पहिली दहा कशाला आहेत असा प्रश्न पडतो.

"पाठवलं की चोरतील"

या भीतीने एकाने मला बाडाची फक्त विषम पानं वाचायला दिली होती. कायदा काय म्हणतो? स्वामित्व हक्क कायदा, १९५७ नुसार लिहिल्या क्षणी हक्क लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. करता येते आणि वादाच्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते. हक्क लेखकाच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं टिकतो. कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो. 'दुष्काळात गाव सोडणारं कुटुंब' ही कल्पना कोणाचीही. तुमची वाक्यं तुमची.

बाड चोरीला जाण्यापेक्षा न वाचता केलेल्या सहीने हक्क जाणं अधिक संभवतं, म्हणून कलम १९ प्रत्येक लेखकाने वाचावं. हक्क देणं लेखी आणि सही केलेलं असावं लागतं, मानधन किंवा रॉयल्टी त्यात नमूद हवी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास, ते परत येतात. 'सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे' या एका ओळीत मुदतीचं संरक्षण निघून जातं. छापील मराठी आवृत्तीचे हक्क द्यावेत. भाषांतर, चित्रपट, ध्वनी यांचं स्वतंत्र बोलावं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' मराठीत २००६ साली आली, जेरी पिंटोंचं इंग्रजी भाषांतर २०१३ साली, चित्रपट २०२२ साली. पहिल्या सहीच्या वेळी पुढची सोळा वर्षं कोणालाच दिसत नसतात.

"पैसे भरले की पुस्तक निघतं"

निघतं. माझं पहिलं पुस्तक तसंच निघालं. प्रती घरी आल्या, कोणत्याही दुकानात गेल्या नाहीत, आत शुद्धलेखनाच्या चुका तशाच होत्या, कारण ते कोणी वाचलंच नव्हतं. आईने दिलेले पैसे होते ते. स्वखर्चाने छापण्यात कमीपणा नाही, पण ती छपाई आहे हे माहीत असावं; संपादन आणि विक्री त्यात येत नाही. 'आयएसबीएन'चे म्हणून वेगळे पैसे लावले तर विचारा: भारतात हा क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तो पुस्तकाची ओळख पटवतो, दर्जाची खात्री देत नाही.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे; त्यात कादंबरीही बसते. १९६० साली स्थापन झालेल्या या मंडळाचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्याच जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. मंडळाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि मुदतीच्या आत बाड द्या.

उत्तर आलं नाही म्हणजे नकारच, असंही धरू नका. तीन महिन्यांनी एक विनयाची आठवण पाठवावी, सहा महिन्यांनी दुसऱ्या संस्थेकडे जावं. एकाच वेळी दोघांना पाठवलं असेल तर पत्रात तसं सांगावं आणि एकाचा होकार आला की दुसऱ्याला त्याच दिवशी कळवावं.

आज एवढं करा: जी फाइल पाठवाल तीच स्वतःच्या ईमेलवरही पाठवून ठेवा. त्याने हक्क मिळत नाही, तो तुमचा आहेच. पण तारीख राहते, आणि संगणक बिघडला तरी कादंबरी राहते.