मेंदूभोवतीचे टाके

संध्याकाळी अंगणात खेळणारं पोर रात्री तापानं फणफणतं, पहाटे त्याला झटके येतात आणि दुसऱ्या दिवशी ते अनेकदा हाती लागत नाही. चांदीपुरा विषाणूचा ताप असा येतो.

नाव नागपूरजवळच्या गावाचं. 1965 साली त्या भागात डेंग्यू-चिकुनगुन्याची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, दोन तापकऱ्यांच्या रक्तात हा नवा विषाणू सापडला. पुढे कित्येक वर्षं त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. 2003 मध्ये आंध्रात 329 मुलं आजारी पडली, त्यातली 183 दगावली.

पण रक्तातला विषाणू मेंदूपर्यंत पोचतोच कसा? तिथे तर कडक पहारा असतो. 1885 साली पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञानं प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. बाकीचे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. 1913 मध्ये त्याचाच शिष्य गोल्डमान यानं रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू निळा झाला आणि बाकी शरीर कोरं! मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी प्रथिनांच्या घट्ट टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या असतात. हाच रक्त-मेंदू अडसर.

हे टाके विषाणूच उसवतो, असं वाटणं साहजिक आहे. पण प्रत्येक विषाणू तसं करत नाही. रेबीज तर रक्ताच्या वाटेला जातच नाही, तो चावलेल्या जागेपासून नसांमधून वर चढतो. जपानी मेंदूज्वराचे उंदरांवरचे प्रयोग मात्र चकित करतात. तिथे विषाणू आधी मेंदूत शिरला, मग दाह पेटला आणि अडसर सर्वांत शेवटी ढिला पडला. मेंदूच्या पेशींनी मदतीसाठी सोडलेल्या रासायनिक हाकांनीच टाके सैल केले होते. एकदा ते सुटले की रक्तातलं पाणी आणि पांढऱ्या पेशी आत लोटतात, मेंदू सुजतो. कवटी काही ताणत नाही, त्यामुळे दाब वाढत जातो.

म्हणून अशा मुलाला दवाखान्यात नेताना तासातासाला मोल असतं. चांदीपुरावर खास औषध नाही, लसही नाही. सूज उतरवायला मॅनिटॉल, झटक्यांवर औषध, श्वासाला आधार, एवढंच डॉक्टरांच्या हाती. नमुना पुण्याला जातो, पण अहवालाची वाट बघत उपचार थांबवता येत नाहीत.

विषाणू पसरवणारी वाळूमाशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, डासाहूनही लहान. मातीच्या भिंतींच्या फटींत, गोठ्यांत ती दडते. 2024 मध्ये गुजरातेत साथ आली तेव्हा आरोग्य कर्मचारी घरोघर फिरून भिंतींच्या भेगांत मॅलॅथिऑनची भुकटी मारत होते.