डग्गा गप्प होतो तेव्हा

घरात तबला नसला तरी तीनताल शिकता येतो. दोन तळहात पुरतात. मात्रा १६. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला न्यायचा. आता प्रचलित ठेका ऐका. धा, धिं या बोलांत डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्ज वाद्याचा, घुमारा असतो. दहाव्या मात्रेला तिं येतो आणि घुमारा नाहीसा होतो. चौदाव्या मात्रेला धिंबरोबर परततो. मुलांना आकडे मोजायला लावण्याआधी ही पोकळी ऐकवावी, असं मला मनापासून वाटतं. घुमारा परतला की सम, म्हणजे पहिली मात्रा, तीनच मात्रांवर असते, हे कान लवकर हेरतो. मग पोळ्या लाटतानाही तोंडाने बोल म्हणत आवर्तन पुरं करता येतं.