पटावरचं आकाश – भाग ६ : इंफाळचं हरिकेन

मागच्या भागात पट आखून झाला. आता त्यावर उतरायला विमान हवं. आपला डाव १९४४च्या इंफाळचा. तिथे अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हॉकर हरिकेन उडवत होती.

आधी प्रमाण ठरवू. १/७२चे किट सहज मिळतात. १/७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच. हरिकेनच्या पंखांचा पसारा ४० फूट, म्हणजे किटमध्ये साधारण १७ सेंटिमीटर. कपाटात ते देखणं दिसतं, पण पटावर अशी आठ विमानं उतरली की पंखात पंख अडकतात. १/१४४ घ्या, साडेआठ सेंटिमीटरमध्ये काम भागतं.

प्रमाणाचा संबंध जागेइतकाच नजरेशीही आहे. १९४२मध्ये अमेरिकी नौदलाने विमानं ओळखण्याच्या सरावासाठी शाळकरी मुलांकडून १/७२ची लाकडी विमानं करून घेतली. ३५ फुटांवरून ती खऱ्या विमानाएवढी दिसत, अर्ध्या मैलावरच्या! त्याच हिशेबाने आपलं हरिकेन एक मीटरवरून पाहिलं की १४४ मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. एवढ्या लांबून रिव्हेट कोण मोजणार? दिसतो तो आकार, छलावरणाचे पट्टे आणि पंखांवरची चिन्हं. मेहनत तिथेच करावी. कॉकपिटच्या आतली घड्याळं रंगवत बसणं हा खेळाच्या विमानापुरता तरी वाया गेलेला वेळ, असं माझं स्पष्ट मत आहे. आत काळा रंग लावा आणि पुढे चला.

भाग स्प्रूवरून निपरने कापताना अगदी कडेशी कापू नका. थोडं टोक ठेवून ते पॉलिश पेपरने घासा. धडाचे दोन अर्धे चिकटवण्याआधी पोटात, पंखांच्या मध्याजवळ, छोटा चुंबक बसवा. स्टँडवर विमान त्यानेच धरलं जाईल आणि डबीत ठेवताना सुटंही करता येईल. सगळ्या विमानांत चुंबकाची एकच बाजू खाली हवी, नाहीतर स्टँड विमानाला दूर ढकलेल. चाकं मिटलेली ठेवा. पंख्याची नाजूक पाती हाताळताना हमखास मोडतात. त्यांच्या जागी पारदर्शक प्लास्टिकची चकती लावली तर पंखा फिरतोय असंही वाटतं.

रंग वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून राखाडी. बाटलीतला रंग मात्र जसाच्या तसा लावू नका. अंतर वाढतं तसा मधल्या हवेमुळे रंग फिका दिसतो. इवल्याशा विमानावर मूळ छटा फारच काळपट वाटते. प्रत्येक रंगात थोडा फिकट राखाडी मिसळा.

खरी गंमत डिकलची. किटमधली चिन्हं बहुधा युरोपातल्या विमानांची, मध्ये लाल ठिपका असलेली. बर्मा आघाडीवर तो लाल काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवरही लाल गोळा असे आणि घाईत आपलंच विमान पाडलं जाण्याची भीती होती. त्यामुळे आपल्याला हवं गडद निळ्या वर्तुळात फिकट निळं. काही संचांत पंखांवरचे पांढरे पट्टेही मिळतात. ते १९४५चे, इंफाळच्या हरिकेनवर लावू नका.

डिकलआधी चकचकीत वार्निशचा हात द्या. खरखरीत मॅट रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक दिसते. डिकल सुकल्यावर पातळ तपकिरी वॉश पत्र्यांच्या सांध्यांत सोडा, जास्तीचा पुसा आणि शेवटी मॅट वार्निश मारा. बोटांच्या तेलकटपणापासून रंग त्यानेच वाचतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळी दिवशी स्प्रे मारू नका. दमट हवेत वार्निशवर पांढुरकं धुकं धरतं. त्यापेक्षा ब्रशने लावायचं वार्निश बरं.

पुढच्या आठवड्यात समोरचं विमान, जपानी केआय-४३. ते हरिकेनपेक्षा हलकं आणि वळणात जास्त चपळ होतं. त्याच्यासाठी चुंबक आणखी एक आणून ठेवा आणि दोन्ही स्टँड सारख्याच उंचीचे करू नका.